१४,९९९ चा 'खगोलशास्त्रात करिअर' ऑनलाईन कोर्स, पैसे भरायच्या आधी हे वाचा

रेटिंग ५ पैकी दीड. दीड का आणि अर्धा कशाचा ते खाली येईलच.

कोर्सचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. एक तर असे चार-पाच जण आहेत आणि सगळ्यांची जाहिरात एकाच डायमधून काढल्यासारखी, काळं आकाश, हेल्मेट घातलेला अंतराळवीर, खाली लाल पट्टीत "फक्त ११ जागा शिल्लक". आम्ही नोव्हेंबरमधे भरले तेव्हा ११ होत्या, काल सहज बघितलं तर अजून ११ च आहेत. दुसरं म्हणजे रिफंडचं मॅटर अजून चालू आहे.

मी स्वतः फॅब्रिकेशनवाला. भोसरी एमआयडीसीत छोटं शॉप आहे, ताऱ्यांशी माझा संबंध एवढाच की रात्री उशिरापर्यंत काम चाललं की बाहेर टपरीवर चहा घेताना मान वर जाते, आणि भोसरीतून वर काय दिसणार, चंद्र आणि लोहगावला उतरणारी विमानं. पण आमची मोठी बारावी सायन्सला आहे आणि दोन वर्षं तिचं एकच, मला अ‍ॅस्ट्रॉनॉमर व्हायचंय. माझ्या बहिणीला फोनवर सांगितलं तर तिने अर्ध्या तासात भाच्याची पत्रिका पाठवली, बघ म्हणे पोरीला सांगून कधी जमेल लग्न. म्हणजे आमच्या घरात या विषयाची माहिती किती ते समजून घ्या. इंजिनिअरिंग म्हटलं की कुणालाही विचारता येतं, मेडिकल म्हटलं की दहा क्लास, पण हे कुणाला विचारायचं? म्हणून इन्स्टावर जाहिरात दिसली आणि मी फसलो असं म्हणत नाही, पण घाई केली. सेल्सवाल्या मुलाने "सर आज रात्री १२ पर्यंतच ही प्राईस, उद्यापासून २४ हजार" असं सांगितलं, माझ्याकडे पत्र्याचे सप्लायर रोज हेच सांगतात तरी मी भरले. मुलीचं म्हटलं की डोकं चालत नाही.

काय मिळतं? आठ रविवार, रोज दोन तास लाईव्ह, रेकॉर्डिंग, एक पीडीएफ, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि शेवटी सर्टिफिकेट. सर्टिफिकेटवर नासाच्या लोगोसारखं दिसणारं निळं गोल काहीतरी आहे, नीट बघितलं तर नासा कुठेच लिहिलेलं नाही, फक्त निळं गोल.

पहिले दोन रविवार सूर्यमाला. बारावीच्या मुलांना. ठीक आहे म्हटलं, उजळणी. तिसऱ्या रविवारी जगातल्या मोठ्या दुर्बिणी होत्या आणि तिथे मोठीने पहिल्यांदा मला हाक मारली, "पप्पा हे बघा". स्लाईडवर पोर्तो रिकोच्या अरेसिबो रेडिओ दुर्बिणीची डिश, खाली लिहिलेलं की इथून आजही परग्रहावरच्या संदेशांचा शोध चालू आहे. ती डिश १ डिसेंबर २०२० ला कोसळली. वरचा ९०० टनाचा प्लॅटफॉर्म केबल तुटून खाली डिशवर पडला, त्याचा व्हिडिओ मी स्वतः बघितलाय, आमच्या धंद्यात वायर रोपचं काय होतं यासाठी तो ग्रुपवर फिरत होता. म्हणजे भोसरीच्या फॅब्रिकेटरला माहितीये आणि १५ हजार घेणाऱ्याला नाही. त्याच्या पुढच्या स्लाईडवर जेम्स वेब ही अवकाश दुर्बीण "लवकरच" अवकाशात जाणार होती. ती २५ डिसेंबर २०२१ ला गेली. जुना माल नवीन पॅकिंगमधे, दुसरं काय.

ताज्या संशोधनाचा वेगळा रविवार होता, त्याची तर मी वाट बघत होतो. त्यात दोन गोष्टी तासभर चालल्या. एक, के२-१८बी नावाच्या ग्रहावर "जीवसृष्टी सापडली". दुसरी, ३आय अ‍ॅटलास हे "परग्रहवासीयांचं यान असू शकतं". आता मला त्यातलं काही कळत नव्हतं तेव्हा, पण नंतर जे कळलं ते असं की के२-१८बी १२४ प्रकाशवर्षांवर आहे, एप्रिल २०२५ मधे केंब्रिजच्या टीमने वेबच्या डेटातून सांगितलं की त्याच्या हवेत डायमिथाइल सल्फाइडसारखा वायू असल्याची चिन्हं दिसतात, जो पृथ्वीवर समुद्रातले सूक्ष्म जीव तयार करतात. पण खात्री तीन सिग्माची होती (सिग्मा म्हणजे खात्री मोजायचं माप), शोध लागला असं म्हणायला पाच सिग्मा लागतात आणि दुसऱ्या टीमनी तोच डेटा परत तपासला तर ते म्हणाले पुरावा कच्चा आहे. ही खरी मजा होती ना सांगायची, की एकच डेटा, दोन जण बघतायत, भांडतायत, आणि भांडण सगळं उघड्यावर आहे. ते सोडून "सापडली" म्हणून मोकळे. आणि अ‍ॅटलास हा १ जुलै २०२५ ला चिलीमधल्या दुर्बिणीला दिसलेला धूमकेतू आहे, आपल्या सूर्यमालेच्या बाहेरून आलेला तिसराच माहीत असलेला पाहुणा, २०१७ चा ओउमुआमुआ आणि २०१९ चा बोरिसोव्ह हे आधीचे दोन. बाहेरून आलेला दगड-बर्फ म्हणजे दुसऱ्या कुठल्यातरी ताऱ्याच्या कारखान्यातलं स्क्रॅप आपल्या दारात आलंय, एवढं पुरेसं इंटरेस्टिंग नाहीये का, त्यात यान कशाला घालायचं.

करिअरचा रविवार शेवटून दुसरा. स्लाईडवर "पॅकेज २५ लाखांपासून पुढे" आणि इस्रो, नासा, स्पेसएक्स असे तीन लोगो. कुठली डिग्री, किती वर्षं, मधली वर्षं घरी काय येतं, यातलं काहीच नाही. मी चॅटमधे टाईप केलं की सर पीएचडीला स्टायपेंड किती असतो, उत्तर आलं "खूप छान प्रश्न, डीएम करते". अजून करतायत.

आता तो अर्धा पॉइंट कशाचा. सहाव्या रविवारी एक वेगळे सर आले होते, आकाशदर्शनवाले, मराठीत बोलणारे, त्यांनी स्टेलॅरियम नावाचं आकाश दाखवणारं ॲप उघडून मुलांना मृगाचा पट्टा, त्याच्यावरून व्याध कसा शोधायचा, रोहिणी कुठे, कृत्तिकेच्या पुंजक्यात तुम्हाला किती तारे दिसतात ते मोजा असं गच्चीवर पाठवून करून घेतलं. मोठीला सहा दिसले, मला चार, चष्म्याचा नंबर वाढलाय हे पण कळलं. ते सर एकटे असते तर मी पाच दिले असते. आणि ते ॲप फुकट आहे.

तर हे सगळं झाल्यावर जानेवारीत मोठी दोन दिवस गप्प होती, आणि मग तिच्या फिजिक्सच्या मॅडमनी सांगितलं, एवढं कशाला करताय, २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन असतो, नारायणगावजवळ खोडदला दुर्बीण बघायला जा. आता ही गोष्ट मला १५ हजार भरायच्या आधी कुणी का सांगितली नाही राव. माझं आजोळ मंचरचं आहे, नारायणगावला आम्ही टोमॅटोचा भाव ऐकायला, जत्रेला, तमाशाला शंभर वेळा गेलो असू, येताजाता त्या मोठ्या पांढऱ्या डिश लांबून बघितल्यात, आमच्या मामाला विचारलं की तो म्हणायचा "ते टॉवरचं आहे".

ते टॉवरचं नाहीये. जीएमआरटी, जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. पुण्याच्या एनसीआरएची, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्याच (टीआयएफआर) रेडिओ खगोलशास्त्राच्या केंद्राची. विज्ञान दिनाला तिथे सगळ्यांना आत सोडतात, आजूबाजूच्या शाळा-कॉलेजची पोरं आपापली मॉडेलं घेऊन येतात, एंट्री फुकट. चाकणच्या ट्रॅफिकचं काही लिहीत नाही, ज्यांना माहितीये त्यांना माहितीये, सकाळी सहाला निघा एवढंच. नारायणगावला मिसळ खाल्ली, दोनशे रुपयात तिघांचं भागलं, आणि तिथून खोडदला आत वळलो. वाटेत एका जागी "बिबट्याचा वावर आहे" अशी पाटी आणि तिच्या मागे द्राक्षाची बाग, तिच्याही मागे ४५ मीटरची डिश. असं दृश्य जगात दुसरीकडे नसेल.

आता इथे थोडा वेळ घेतो कारण हा माझा विषय आहे. लांबून ती डिश भरीव वाटते. जवळ गेलात की कळतं तो पत्रा नाहीच, जाळी आहे. एसएसची तार, जाडी अर्ध्या मिलीच्या जरा वर, चौकोनी भोकं, मधल्या भागात १० मिलीची आणि बाहेर जाल तशी १५, मग २०. मागून बघितलं तर पाईपच्या पॅराबोलिक फ्रेम, एकूण १६, छत्रीच्या काड्यांसारख्या, आणि त्यांच्यामधे वायर रोप ताणलेत, आणि त्या रोपना जाळी बांधून ओढून ओढून तिला वाटीचा आकार दिलाय. म्हणजे वाटी वाकवून केलेली नाहीच, सरळ तुकडे ताणून ताणून गोल आणलाय. मी तिथे पंधरा मिनिटं मान वर करून उभा होतो, बायको म्हणाली चला ऊन लागेल. ४५ मीटर म्हणजे जवळजवळ १५० फूट, एवढी वाटी भरीव पत्र्यात केली असती तर वजन किती आणि त्याहून महत्त्वाचं वारा किती अडला असता, ती फिरवायला मोटर कुठली लावणार, खालचा काँक्रीटचा बेस केवढा ओतणार. जाळीतून वारा आरपार. आणि अशा ३० आहेत. १४ मधे एक किलोमीटरच्या चौकात, बाकी १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फांद्यांवर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २५ किलोमीटर, सगळ्यांचे सिग्नल ऑप्टिकल फायबरने मधे आणून एकत्र केले की तीस डिश मिळून २५ किलोमीटरच्या एका दुर्बिणीएवढं बारीक बघतात.

पण भोकं असलेल्या वाटीत दूध राहील का, असा प्रश्न माझ्या बायकोने तिथल्या मुलीला विचारला. मला वाटलं हसेल. ती हसली नाही, ती म्हणाली काकू एकदम बरोबर प्रश्न आहे. तिथे स्टॉलवर ज्या पीएचडीच्या मुली-मुलं उभी होती त्यातली ही एक, साताऱ्याकडची, मी मॅडम म्हणायला लागलो तर म्हणे काका मॅडम नको, मग मोठी तिला ताई म्हणायला लागली ते घरी येईपर्यंत ताईच. तर तिने सांगितलं की आपण इथे जे पकडतो ते रेडिओ लहरी, त्यातली सगळ्यात आखूड साधारण २१ सेंटीमीटरची, आणि त्या लहरीला एक सेंटीमीटरचं भोक दिसतच नाही, तिच्यासाठी ती भिंत आहे. प्रकाशाची लहर इतकी बारीक असते की ती आरपार जाते म्हणून तुम्हाला वर आकाश दिसतंय, रेडिओने बघणाऱ्याला ही वाटी भरीव. आमच्या हिला पटलं. मला पण, मी तर मनात जाळीचा रेट काढत होतो.

२१ सेंटीमीटरच का, तर हायड्रोजन. विश्वात सगळ्यात जास्त तोच, आणि त्याचा एकेकटा अणू २१ सेंटीमीटरची लहर सोडतो, क्वचित सोडतो पण अणूच इतके आहेत की बेरीज होते. मग तिने जे सांगितलं ते मी शॉपमधे पोरांना अजून सांगतोय. एका आकाशगंगेतल्या हायड्रोजनची लहर जीएमआरटीने पकडली, २०२३ च्या जानेवारीत ती बातमी आली होती, ती लहर ८८० कोटी वर्षांपूर्वी तिथून निघाली. निघाली तेव्हा २१ सेंटीमीटर होती, वाटेत विश्वच पसरत गेलं, लहर पण ताणली गेली आणि खोडदला पोचली तेव्हा ४८ सेंटीमीटर झालेली. मधे एक दुसरी आकाशगंगा बरोबर आड आली आणि तिच्या गुरुत्वाने भिंगासारखं काम करून तो सिग्नल तीसेक पट मोठा केला, नाहीतर हाती लागलाच नसता. आपल्या द्राक्षाच्या बागेत. मामाला फोन करून सांगितलं, तो म्हणाला बरं.

या दुर्बिणीमागचे माणूस गोविंद स्वरूप, २०२० मधे गेले. त्यांनी सुरुवात केली ती कल्याणला, हे मला तिथेच कळलं, ऑस्ट्रेलियाने काढून टाकलेल्या सहा-सहा फुटी ३२ डिश आणून १९६५ मधे कल्याणला सूर्य बघायला लावल्या. मग उटीला डोंगराच्या उतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण, मग ही खोडदची. म्हणजे स्क्रॅपपासून सुरुवात, हे वाचून माझ्या धंद्यातल्या कुणाचीही छाती जरा फुगेल.

इथे का बांधली तर डोंगरांची आड आहे, रेडिओचा गोंगाट कमी. म्हणून तिथे मोबाईल बंद ठेवायला सांगतात, ठेवा बाबांनो, आमच्यासमोर एक जण रील करत होता. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा मार्ग दुर्बिणीजवळून जात होता म्हणून तो बदलायचं ठरलं, त्यावर तिकडच्या लोकांचं म्हणणं वेगळं आहे, कारखाने येत नाहीत, रेल्वे पण लांब, ते पण काही खोटं नाही. असो.

आता मुद्द्याचं, म्हणजे ज्यासाठी मी १४,९९९ भरले होते ते. ताईने स्टॉलमागे पाण्याची बाटली घेऊन पंधरा मिनिटात सगळं सांगितलं आणि पैसे पण तिनेच आधी सांगितले, मला विचारावं लागलं नाही. आधी तीन-चार वर्षांचं बीएस्सी फिजिक्स किंवा बीटेक, दोन वर्षं एमएस्सी, किंवा आयसरसारख्या सरकारी विज्ञान संस्थेतला पाच वर्षांचा सलग कोर्स. मग जेस्ट, नेट किंवा टीआयएफआरची स्वतःची अशी एखादी परीक्षा आणि इंटरव्ह्यू. मग पीएचडी पाच ते सहा वर्षं, त्यात फी भरायची नाही, उलट पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर ४२,००० फेलोशिप, वर घरभाडं नाहीतर हॉस्टेल. हे ऐकून माझ्या मनातला अर्धा दगड तिथेच उतरला, कारण मी समजत होतो की सगळं आपल्यालाच घालायचंय. पण लगेच तिने दुसरा अर्धा ठेवला. पीएचडी म्हणजे नोकरी नाही काका. त्यानंतर पोस्टडॉक, दोन-तीन वर्षांचं काम, एक संपलं की दुसरं, बहुतेक वेळा दुसऱ्या देशात, कधी जर्मनी कधी चिली कधी साऊथ आफ्रिका, आणि ते दोनदा-तीनदा केल्यावर कुठेतरी कायमची जागा, तीही सगळ्यांना नाही. पस्तिशी सहज उलटते.

जागा कुठे निघतात तर अमेरिकन अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचं जॉब रजिस्टर आहे, ते कुणीही उघडून बघू शकतं, जगभरातल्या जागा त्यावर येतात, मोठा सीझन सप्टेंबर ते डिसेंबर. आणि त्यांच्यात एक ठरलेलं आहे की १५ फेब्रुवारीच्या आधी कुणालाही "घेतो का नाही ते सांग" म्हणून रेटायचं नाही, म्हणजे पोराच्या हातात सगळ्या ऑफर आल्यावर त्याला निवडता यावं. चांगली पद्धत आहे, आमच्या टेंडरमधे असती तर. आम्ही गेलो तो दिवस २८ फेब्रुवारी. ती म्हणाली आमच्याकडे फेब्रुवारीत सीनियरना काही विचारायचं नसतं काका, कँटीनमधे कोण कसा जेवतोय त्यावरून कळतं. हे ती हसत बोलली पण माझ्या मुलीकडे बघत बोलली.

अमेरिकेचं सध्या डळमळीत आहे हे पण तिने सांगितलं, २०२५ मधे तिथल्या सरकारने नासाच्या विज्ञानाचं बजेट जवळजवळ निम्मं करायचा प्रस्ताव आणला आणि तिकडे अप्लाय करणाऱ्या सगळ्यांच्या पोटात गोळा आला. त्यामानाने आपल्याकडे काम वाढतंय. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला लायगो-इंडिया होतंय, गुरुत्वलहरी पकडणारं, २६०० कोटींचं, मंजुरी एप्रिल २०२३ ची. स्क्वेअर किलोमीटर अरे म्हणून ऑस्ट्रेलिया आणि साऊथ आफ्रिकेत दुर्बीण बांधतायत त्यात भारत १२५० कोटी घालून आहे. आणि हे बांधायला खगोलशास्त्रज्ञ पुरत नाहीत, हे मला तिथे फिरताना स्वतःला दिसलं. मोटर आणि गिअरवाले वेगळे, अँटेनाच्या तोंडाशी बसणाऱ्या फीडवाले वेगळे, फायबरवाले, कॉम्प्युटरवाले, जाळीवर चढून दुरुस्ती करणारे. एका सर्वोच्या, म्हणजे डिश फिरवणाऱ्या यंत्रणेच्या माणसाशी मी अर्धा तास गप्पा मारल्या, त्याला पण बरं वाटलं असेल कोणीतरी ब्लॅक होल सोडून गिअरबॉक्सचं विचारतंय. कोर्सवाल्यांच्या करिअरच्या रविवारात या माणसांचा एक शब्द नव्हता.

आणि ज्यांना कायमची जागा मिळत नाही ते काय करतात, हा बापाचा प्रश्न मी विचारलाच. ती म्हणाली डेटा. पायथॉन आणि स्टॅटिस्टिक्स रोज हाताखालून जातं, त्यामुळे बँका, विमा, सॉफ्टवेअरवाले घेतात, आमचे बरेच गेलेत आणि आमच्यापेक्षा जास्त कमावतात. म्हणजे २५ लाखाचं पॅकेज आहे बहुतेक, फक्त ते खगोलशास्त्र सोडल्यावर मिळतं.

मोठीने काय विचारलं माहितीये? ताई तुमचं काय चाललंय, तुम्ही रोज काय करता. तर ती म्हणाली आज सहा महिने एका चित्रातला डाग घालवतेय, तो डाग आकाशातला नसून बहुतेक इथल्याच कुठल्यातरी खराब कनेक्शनचा आहे. आणि मग तिने अलकनंदाचं सांगितलं. एनसीआरएमधल्याच राशी जैन, त्या पीएचडी करत होत्या, आणि त्यांचे गाईड योगेश वाडदेकर, यांना जेम्स वेबच्या डेटात एक आकाशगंगा सापडली, व्यवस्थित दोन हात वळवलेली, आपल्या आकाशगंगेसारखी चक्री, पण महास्फोटानंतर, म्हणजे विश्व सुरू झाल्यावर फक्त १५० कोटी वर्षांनंतरची. तेवढ्या लवकर सगळं नुसतं ओबडधोबड असायला हवं होतं असा समज होता, इतकी नेटकी कशी काय बनली. नाव ठेवलं अलकनंदा, कारण आपल्या आकाशगंगेला हिंदीत मंदाकिनी म्हणतात आणि अलकनंदा-मंदाकिनी या तिकडच्या बहिणी नद्या. २०२५ च्या शेवटी ही बातमी आली. ताईचा मुद्दा नावाचा नव्हता, तिचा मुद्दा असा की तो डेटा त्यांचा एकट्यांचा नव्हता, तो जगाला उघडा आहे, तुझ्या लॅपटॉपवर पण उतरेल. तसेच पेपर. अर्काइव्ह म्हणून साईट आहे, रोज सोमवार ते शुक्रवार नवीन पेपर येतात, फुकट, लॉगिन पण नाही. कोर्सच्या पीडीएफमधे हे नाव ९४ पानांत एकदाही आलेलं नाही, मी शोधून बघितलं.

पुण्यातल्यांसाठी अजून एक, आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत दुसऱ्या शनिवारी शाळेच्या मुलांसाठी व्याख्यानं होतात, मराठी-हिंदीत पण, आणि तिथे मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, पुलंच्या फाऊंडेशनच्या पैशातून उभी राहिलेली. भोसरीपासून पाऊण तास. आयुका उभी करणारे नारळीकर सर मे २०२५ मधे गेले, पोरांना म्हणायचे सही कशाला मागता, पोस्टकार्डावर प्रश्न पाठवा मी उत्तर देतो. आमच्या पिढीत हे ऐकलेले खूप आहेत, पाठवणारे किती कोण जाणे, मी नाही पाठवलं. आणि ऑलिंपियाड आहे खगोलशास्त्राचं, ऑगस्ट २०२५ मधे जागतिक फेरी आपल्या मुंबईतच झाली, साठहून जास्त देश आले होते. धाकट्यासाठी लिहून ठेवलंय, मोठीचं वय निघून गेलं. हे पण पीडीएफमधे नाही.

रिफंडचं म्हणाल तर नियमात "दुसऱ्या सेशननंतर रिफंड नाही" असं लिहिलंय, आणि पहिली दोन सेशन कोणती तर सूर्यमाला, ज्यात चूक निघायला जागाच नाही. डोकं लावलंय. मी अरेसिबोचा स्क्रीनशॉट पाठवून ग्राहक हेल्पलाईनला तक्रार टाकलीये, त्यानंतर त्यांचा फोन आला की सर आम्ही तुम्हाला अ‍ॅडव्हान्स कोर्स ४० टक्के डिस्काउंटमधे देतो. बघू.

दरम्यान निघताना ताईने मोठीला एका कागदावर आकृती काढून दिली होती. पत्र्याचं चौकोनी नरसाळं, मागे डबा, डब्यात सव्वापाच सेंटीमीटरची उभी तार, म्हणजे २१ चा चौथा भाग, तिला एक अ‍ॅम्प्लिफायर आणि यूएसबीला लागणारा एक छोटा रेडिओ रिसीव्हर, आणि ते नरसाळं आपल्या आकाशगंगेच्या पट्ट्याकडे धरलं की घरच्या गच्चीवरून हायड्रोजन दिसतो म्हणे, लॅपटॉपवर एक टेकाड येतं. इलेक्ट्रॉनिक्सचा सगळा माल कोर्सच्या निम्म्या पैशात आला, पत्रा तर घरचाच. मोठीने बोर्डाचे पेपर संपल्या दिवशी शॉपमधे येऊन स्वतः मार्किंग केलं, आमच्या बेंडिंगच्या मिस्त्रींनी तिला विचारलं ताईसाहेब हे चक्कीचं आहे का. एक बाजू दोन अंश जास्त वाकली, ती काल परत सरळ केली, आज तारेचा सोल्डर सुटला. आता ढग नसले की झालं असं मी म्हणालो तर म्हणते पप्पा रेडिओला ढग चालतात.